म्हणे टेस्ट घ्या, क्वार्टरबॅक कळेल!

भाच्याने फॅमिली ग्रुपवर एक रील टाकलीय. पोरगा डॅलसजवळ नववीत आहे, डोक्यात फक्त क्वार्टरबॅक (अमेरिकन फुटबॉलमध्ये डाव चालवणारा, पास फेकणारा खेळाडू) व्हायचं, आणि रीलमधला माणूस छातीठोकपणे सांगतोय की एनएफएल ड्राफ्टमध्ये (तिकडच्या प्रो लीगचे संघ पाळीपाळीने कॉलेजची पोरं निवडतात तो) क्वार्टरबॅक ओळखणं एकदम सोप्पं, स्काउट (खेळाडू हेरणारे) मूर्ख आहेत, मेंदूची टेस्ट घ्या, हाताचा पंजा मोजा, झालं, आणि जो फेल गेला त्या पोरातच दम नव्हता. आता भाच्याला आपला स्कोअर किती येईल याचं टेन्शन. म्हणून लिहितोय.

क्वार्टरबॅक टॉम ब्रेडीचं उदाहरण. 2000 साली 199व्या नंबरवर गेला, त्याच्याआधी सहा क्वार्टरबॅक उचलले, नंतर त्याने सात सुपर बोल (लीगच्या फायनल) जिंकले. हे खरंय, स्काउट चुकले, मान्य. पण अहो, ज्या पेट्रियट्स संघाने त्याला घेतला त्यांनीही पाच राउंड त्याला सोडलंच होतं की! कळलं असतं तर थांबले असते का? मग हे सोप्पं कसं?

आता ती टेस्ट. वंडरलिक म्हणजे 12 मिनिटांत 50 प्रश्न, जुना क्वार्टरबॅक डॅन मरीनोला म्हणे पंधरा-सोळा मार्क होते, आणि तो थेट हॉल ऑफ फेममध्ये. 2022 पासून कंबाइनमध्ये (ड्राफ्टआधीच्या चाचण्यांत) ती बंदच केली. मग एस-टू ही मेंदूची दुसरी टेस्ट आली, 2023 ला ड्राफ्टमधल्या क्वार्टरबॅकचे आकडे फुटले, शंभरात ब्राइस यंग 98 आणि सी. जे. स्ट्राउड 18, लोकांनी स्ट्राउडला मठ्ठ ठरवून टाकलं, आणि त्याच सीझनला पठ्ठ्याने 4108 यार्ड, 23 टचडाउन, फक्त 5 इंटरसेप्शन (समोरच्यांनी पकडलेले पास)! यंगला पुढच्या वर्षी दोन मॅचनंतर बाकावर बसवलं (नंतर परत आला आणि बरा खेळला, म्हणजे तेव्हाही घाईच). मैदानावर काय होतं बघा, प्ले क्लॉकवर (डाव सुरू करायच्या घड्याळावर) 15 सेकंद उरले की हेल्मेटमधला कोचचा आवाज बंद, पुढे समोरचा डिफेन्स ऐनवेळी जागा बदलतो, स्नॅपनंतर (बॉल हातात आल्यावर) अडीच-तीन सेकंदांत बॉल सोडायचा आणि सव्वाशे किलोचा माणूस अंगावर येतोय. हे खुर्चीत बसून कसं मोजणार?

आणि 'मेंदू'ची ही भाषा कुणावर वापरली गेली तेही सांगा ना. वॉरन मून 1978 ला रोझ बोल ही कॉलेजची मोठी मॅच गाजवून आला, काळा क्वार्टरबॅक, ड्राफ्टमध्ये कुणीच घेतला नाही, कॅनडात जाऊन ओळीने पाच ग्रे कप (तिकडच्या लीगच्या फायनल) जिंकला तेव्हा कुठे एनएफएलचं दार उघडलं. 2018 लासुद्धा काळा क्वार्टरबॅक लमार जॅक्सनला 'रिसीव्हर (पास झेलणारा) हो' म्हणणारे होतेच, दुसऱ्याच सीझनला तो एमव्हीपी (लीगचा सर्वोत्तम खेळाडू), तोही एकमताने.

पंजाचं माप? क्वार्टरबॅक जो बरोचा पंजा नऊ इंच, म्हणजे छोटाच, तरी दुसऱ्या सीझनला बेंगल्स संघाला सुपर बोलला घेऊन गेला. पुढे.

'फेल गेला म्हणजे पोरातच दम नव्हता' हे तर कायच्या काय. क्वार्टरबॅक सॅम डार्नल्ड जेट्स संघात भंगारात निघालेला, 2024 ला त्याच्यासोबत व्हायकिंग्सनी 14 मॅच जिंकल्या. आजचा स्टार क्वार्टरबॅक पॅट्रिक माहोम्सला पहिलं वर्ष अनुभवी ॲलेक्स स्मिथच्या मागे बसून शिकायला मिळालं, सगळ्यांना कुठे मिळतं?

मॅसी आणि थेलर (हो, तोच अर्थशास्त्राचा नोबेलवाला) या संशोधकांनी ड्राफ्टची कित्येक वर्षं तपासली, सगळ्या पोझिशन्स धरून. आधी निवडलेला खेळाडू त्याच पोझिशनच्या लगेच पुढच्यापेक्षा सरस ठरायची शक्यता निघाली 52 टक्के. रीलवाल्या भाऊंना 60 जरी जमत असेल ना, तर वर्षानुवर्षं क्वार्टरबॅक शोधत बसलेले क्लीव्हलँड संघवाले उद्या गाडी पाठवतील.