‘मानीत नळी टाकली का मानूस गेला’?

फवारणीचे दिवस आहेत, विषबाधेचे पेशंट येताहेत. आमच्या आयसीयूत पेशंटच्या आधी नातेवाइकांच्या मोबाइलवर मेसेज पोचलेला असतो: मानेतली नळी (मानेतल्या मोठ्या शिरेत घालायची औषध-सलाईनची नळी, सेंट्रल लाइन) हा बिल वाढवायचा धंदा, हातातल्या सलाईननं सगळं भागतं, नळीनं फुफ्फुस फाटतं, जंतू शिरणं नशिबाचं, सही करू नका. वर आत्याबाई सांगतात, “मानीत नळी टाकली का मानूस गेला समजा.”

बिलाचं म्हणाल तर सरकारी दवाखान्यातही हीच नळी टाकतात.

हातातल्या सलाईनचं अर्धं खरं आहे. हगवणीनं सुकलेल्या माणसाला भराभर पाणी द्यायचं, तर हातातल्या दोन जाड सुया मानेतल्या लांब, बारीक नळीपेक्षा सरस. पण बीपी धरून ठेवणारं नॉरॲड्रिनॅलिन हाताच्या शिरेबाहेर झिरपलं तर तिथली कातडी काळी पडते. थोडे तास चांगल्या शिरेतून चालतं, दिवसेंदिवस नाही.

फुफ्फुसाला सुई लागून छातीत हवा भरू शकते, हे खोटं नाही. गळपट्टीच्या हाडाखालून टाकताना हा धोका जास्त. म्हणून मानेतली शीर सोनोग्राफीवर बघत टोचायची (दाबली की शीर चपटी होते, धमनी सहसा होत नाही) आणि नंतर एक्स-रे काढायचा. आपल्याकडं आणखी एक भानगड: घोणस चावलेल्याचं रक्त गोठेनासं होतं. हाडाखालची धमनी टोचली गेली तर वरून दाबताही येत नाही. तिथं आधी प्रतिविष, आणि नळी लागलीच तर दाबता येईल अशी जागा.

‘नशीब’ या शब्दाची मात्र मला चीड येते. अमेरिकेतल्या मिशिगनमध्ये शंभरावर आयसीयूंनी पाच साध्या गोष्टी पाळल्या: हात धुणं, टोपी-मास्क-गाऊन आणि पेशंटवर पूर्ण चादर, क्लोरहेक्सिडिन या जंतुनाशकानं कातडी पुसणं, जांघेतून नळी टाकणं टाळणं, गरज संपताच नळी काढणं. २००६ साली निकाल छापून आला. दर हजार नळी-दिवसांमागे (एका पेशंटला एक दिवस नळी म्हणजे एक नळी-दिवस) रक्तातल्या संसर्गाचा मध्यक, म्हणजे मधल्या आयसीयूचा आकडा, २.७ होता, तीन महिन्यांत शून्य झाला. यात महागडं यंत्र कुठंय? पाचवी गोष्ट आम्हीच विसरतो. ‘राहू द्या, उद्या लागेल’ म्हणून नळी तशीच राहते. रोज राउंडला विचारा, “डॉक्टर, नळी आज निघते का?” कुणी चिडलं तर चिडू द्या.

आणि निघताना पेशंटला बसवू नका. बसल्या बसल्या नळी ओढली तर श्वासासरशी हवा शिरेत खेचली जाते. आडवं झोपवून, श्वास धरायला लावून काढायची, दाबून धरायची, हवाबंद पट्टी लावायची. मग थोडा वेळ तसंच पडून राहायचं. आत्याबाईंचा चहा तोवर गार झाला तरी चालेल.