नातीशी बोलण्याची नोकरी

नऊ महिन्यांच्या बाळाशी दिवसभर बोलत राहावे, हा सल्ला बालरोगतज्ज्ञांनी दिला तेव्हा मी दवाखान्यात हजर नव्हतो; परंतु घरातला रिकामा माणूस मीच असल्याने त्याची अंमलबजावणी माझ्याकडे आली. उभी हयात पाटबंधारे खात्याच्या आवक-जावक शाखेत गेली असल्यामुळे, जे सांगायचे ते कागदाने सांगावे, अशी माझी धारणा आहे.

"बाबा, जे जे कराल ते तिला सांगत जा," असे बजावून सूनबाई कामावर गेली. मी दुधी सोलायला घेतला आणि निवेदन केले, "प्रस्तुत दुधी काल खरेदी करण्यात आला असून त्याची साल काढण्याचे काम प्रगतिपथावर आहे." नातीने जांभई दिली.

संध्याकाळी खुलासा झाला की, तान्ह्या मुलांचे कान चढ्या पट्टीतल्या, सावकाश आणि स्वर लांबवलेल्या बोलण्याकडे अधिक वळतात. दुसऱ्या दिवशी मी वर्तमानपत्राचे अर्थविषयक पान त्या चालीवर घेतले. "रिझर्व्ह बँऽऽकेनं रेपो दऽऽर होता तस्साऽऽ ठेवला गं बाई!" नातीने टाळ्या पिटल्या. ठेवीदार असूनही मला त्या बातमीचा इतका आनंद झाला नव्हता.

घसा बसल्यावर हे काम मोबाइलकडे सोपवण्याचा प्रस्ताव मी मांडला. तो फेटाळताना सूनबाईने बाळांच्या भाषाशिक्षणाच्या अभ्यासक पॅट्रिशिया कूल यांचे २००३ मधले संशोधन पुढे केले. त्यात नऊ महिन्यांच्या अमेरिकन बाळांशी काही जण समोर बसून, खेळत मँडरिन चिनी बोलले, तेव्हा बाळांच्या कानांनी त्या भाषेतले बारकावे टिपले. तेच बोलणे पडद्यावरून ऐकवलेल्या बाळांना मात्र काहीही लाभ झाला नाही. शिवाय वर्षाच्या आतल्या बाळाला पडदा दाखवूच नये, असे जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्येच सांगून ठेवले आहे. एवढ्या वरिष्ठ पातळीवरून आदेश आल्यावर मी काय बोलणार? म्हणजे, बोलणेच भाग होते.

माझ्या मते या कामातला खरा कस बोलण्यात नसून थांबण्यात आहे. अखंड बडबड रेडिओही करतो. प्रश्न विचारावा, भुवया उंचावून बाळाकडे पाहत राहावे, त्याने "ब्बा" म्हटले की तेच उत्तर मानावे आणि त्यावर पुढचा प्रश्न काढावा, अशी ही रीत आहे. आमच्या सौभाग्यवतीला ती जन्मजात अवगत असावी, कारण पोळ्या लाटता लाटता ती नातीशी शेजारणीबद्दल सविस्तर चर्चा करते आणि दोघींचे एकमतही होते.

आता ही सवय माझ्या अंगी इतकी मुरली आहे की, परवा बँकेच्या खिडकीवर मी त्याच सुरात विचारले, "आमचं पासबुऽऽक कधीऽऽ बरं मिळणार?" आणि भुवया उंचावून उत्तराची वाट पाहत थांबलो. आतल्या गृहस्थांनी चक्क मान वर केली आणि पासबुक तत्काळ छापून दिले.