चंद्र किती लांब, आणि ठरवणार कोण?

उन्हाळ्याच्या सुट्टीत आठ ते बारा वर्षांच्या मुलांना दर रविवारी एकत्र बसवून काहीतरी शिकवावे, यावर बडोद्याच्या दांडिया बाजारातल्या आमच्या कट्ट्याचे एकमत आहे. वाद आहे तो काय शिकवावे याचा. मास्तरांचे सारे आयुष्य विज्ञान शिकवण्यात गेले, त्यामुळे त्यांच्या मते अवकाशाखेरीज दुसरा विषय असूच शकत नाही. वकीलसाहेबांचे म्हणणे असे की, मुलांना शनीची कडी तोंडपाठ असतात, पण आपल्या वॉर्डाचा नगरसेवक कोण आणि तो कसा निवडला जातो हे ठाऊक नसते. म्हणून निदान निम्मे रविवार निरनिराळ्या राज्यपद्धतींना द्यावेत. अण्णांना ही सूचना ऐकूनच धसका बसला. “तारे दाखवा, कोणी हरकत घेणार नाही. राज्यकारभार काढलात की दुसऱ्या रविवारी पालक भांडायला येतील,” असे त्यांनी बजावले.

मास्तरांनी आपली बाजू मांडण्यासाठी एक बास्केटबॉल आणि एक टेनिसचा चेंडू आणला. बास्केटबॉल ही पृथ्वी मानली तर टेनिसचा चेंडू आकाराने जवळजवळ बरोबर चंद्र होतो. गल्लीतली मुले गोळा झालीच होती. चंद्र कुठे धरावा, असे मास्तरांनी विचारले. पाठ्यपुस्तकातल्या चित्रात चंद्र पृथ्वीला खेटून असतो, त्यामुळे बहुतेकांनी हातभर अंतर सांगितले, एका मुलीने सेव-उसळीच्या गाडीपर्यंत जावे लागेल असे म्हटले आणि तिला सगळे हसले. मास्तरांनी हात वर करायला लावले, तेव्हा हातभर अंतराच्या बाजूने प्रचंड बहुमत झाले. मग त्यांनी बास्केटबॉलच्या रुंदीचा दोरा तीस वेळा जमिनीवर मांडून दाखवला, कारण पृथ्वी आणि चंद्र यांच्यामधले अंतर सुमारे ३,८४,००० किलोमीटर, म्हणजे पृथ्वीच्या तीस व्यासांएवढे आहे. दोरा गाडीच्या पुढे जाऊन विजेच्या खांबाशी थांबला. सात मीटरांहून थोडा जास्त. ज्या मुलीला सगळे हसले होते, तिचे उत्तरच सर्वांत जवळचे निघाले.

“बघा,” मास्तर म्हणाले, “बहुमत चुकले आणि निसर्गाला त्याचे काही वाटले नाही. मुलाने आधी हे शिकले पाहिजे. मतदान वगैरे मागाहून.”

वकीलसाहेब यावर जे म्हणाले ते मला अजून महत्त्वाचे वाटते. “मास्तर, एवढ्यावर थांबलात तर मूल भलताच धडा घेईल. ज्याला कळते त्याने ठरवावे आणि बाकीच्यांनी मान डोलवावी, असे त्याला वाटेल. दरबारातले मानकरी हेच म्हणत असत. चंद्राचे अंतर मतांनी ठरत नाही हे जितके खरे, तितकेच हेही खरे की गल्लीतला नळ किती वाजता सोडायचा हे दोरा लावून ठरत नाही. कोणता प्रश्न कोणत्या जातीचा, हे ओळखणे शिकवायचे असेल तर दोन्ही विषय एकाच वर्गात यायला हवेत.”

मला हे शंभर टक्के पटते, आणि पुढे झालेल्या वादात मी उघडपणे वकीलसाहेबांच्या बाजूने होतो.

मास्तरांनाच अडचणीत आणणारे उदाहरण त्यांच्याच विषयातून निघाले. प्लूटो ग्रह नाही, हे २४ ऑगस्ट २००६ रोजी प्राग येथे खगोलशास्त्रज्ञांनी मतदान करूनच ठरवले. मग आता खरे काय, असे कोणत्याही चौकस मुलाने विचारावे. मास्तर क्षणभर थांबले, पण त्यांचे उत्तर चोख होते: मतदान झाले ते ग्रह कशाला म्हणावे याच्या व्याख्येवर, प्लूटोवर नव्हे. त्याचा सुमारे २,३७७ किलोमीटरचा व्यास त्या ठरावाने एक मीटरही बदलला नाही, आणि २०१५ साली ‘न्यू होरायझन्स’ हे यान त्याच्याजवळून गेले तेव्हा त्याने जे होते तेच टिपले. वर्गीकरण माणसे सोयीसाठी करतात, म्हणून ते माणसांनी मिळून ठरवावे लागते. दोन्ही प्रकारचे प्रश्न एकाच गोष्टीत शेजारी-शेजारी दाखवणारे याहून चांगले उदाहरण मुलांसाठी मला तरी सुचत नाही.

राज्यपद्धतींचे काय? त्या शिकवायच्या म्हणजे राजेशाही, अध्यक्षीय, संसदीय अशी यादी फळ्यावर लिहायची असे नव्हे; त्या यादीने कोणाचेही भले होत नाही. बडोद्याच्या मुलाला यादीची गरजही नाही, कारण त्याच्या घरातच सगळे आहे. वकीलसाहेबांनी दुसऱ्या दिवशी खिशातून बडोदे संस्थानचा तांब्याचा पैसा काढला. हाताळून झिजलेला, एका बाजूला घोड्याचा खूर आणि तलवार, दुसऱ्या बाजूला नागरीत श्री सयाजीरावांचे नाव. ज्या मुलाच्या पणजोबांनी हा पैसा वापरला, ते पणजोबा राजाचे प्रजाजन होते. १ मे १९४९ रोजी संस्थान मुंबई राज्यात विलीन झाले आणि १ मे १९६० रोजी गुजरात राज्य झाले. घर तेच, वाडा तोच, आणि एकाच माणसाच्या हयातीत तीन राज्ये.

येथे मुले जो प्रश्न हटकून विचारणार तो अण्णांनीच विचारला: “पण सयाजीराव तर उत्तम राजे होते. १८९३ साली अमरेलीत सक्तीच्या प्राथमिक शिक्षणाचा प्रयोग सुरू केला, १९०६ पर्यंत तो सगळ्या संस्थानात नेला. ब्रिटिश हिंदुस्थानात त्या वेळी असे काही नव्हते. चांगला राजा असताना मतपेटी कशाला हवी होती?”

प्रश्न खरा आहे आणि तो मुलांपुढे झाकू नये, असे माझे ठाम मत आहे. उत्तर त्याच गादीच्या इतिहासात आहे. सयाजीरावांच्या आधी मल्हारराव होते. त्यांच्या कारभाराविषयी तक्रारी होत्या, शिवाय रेसिडेंट, म्हणजे दरबारातले इंग्रज सरकारचे प्रतिनिधी, कर्नल फेअर यांच्यावर विषप्रयोग करवल्याचा आरोप त्यांच्यावर आला. चौकशीसाठी सहा जणांचे मंडळ नेमले गेले. तीन इंग्रज सदस्यांनी दोषी ठरवले, तर ग्वाल्हेरचे शिंदे, जयपूरचे महाराज आणि सर दिनकरराव या तिघांना आरोप सिद्ध झाला असे वाटले नाही. मते समसमान पडूनही १८७५ साली गैरकारभाराचे कारण देऊन इंग्रजांनी मल्हाररावांना पदच्युत केले, आणि नाशिक जिल्ह्यातल्या कवळाण्याहून बारा वर्षांचा एक मुलगा दत्तक म्हणून आणून गादीवर बसवला. तो मुलगा पुढे थोर राजा निघाला हे बडोद्याचे भाग्य. पण मल्हारराव नको असतील तर त्यांना हटवणे बडोद्याच्या लोकांच्या हाती नव्हते, आणि सयाजीराव हवे होते म्हणून त्यांना निवडणेही नव्हते. लाभलेल्या चांगल्या माणसाबद्दल कृतज्ञता बाळगावी, अगदी मनापासून बाळगावी, परंतु वाईट माणूस आला तर त्याला खाली उतरवण्याची सोय आपल्याकडे असावी, हे बारा वर्षांच्या मुलाला नीट समजते. माझ्या समजुतीप्रमाणे अनेक प्रौढांपेक्षा लवकर समजते.

पालकांच्या भांडणाची अण्णांची भीती मात्र अजून तशीच होती. त्यावर भूतानचा दाखला निघाला. तेथील राजाने स्वतःहून राजसत्ता मर्यादित करायचे ठरवले, पण लोकांना निवडणुकीची सवय नव्हती. म्हणून २००७ साली सरावाची निवडणूक घेतली, तीही खऱ्या पक्षांविना. निळा, हिरवा, तांबडा आणि पिवळा असे चार रंगांचे पक्ष कल्पिले होते. लोकांनी पिवळ्याला भरभरून मते दिली, कारण पिवळा हा राजाचा रंग. खरी निवडणूक २००८ साली झाली. आपल्या वर्गात मुलांनी रंगांचेच पक्ष करावेत, एकाही खऱ्या पक्षाचे नाव येऊ नये आणि तरीही मतपत्रिका, मोजणी व हरलेल्याने निकाल मान्य करणे हे सगळे यावे, याला अण्णांनी रुकार दिला.

अवकाश आणि राज्यपद्धती जिथे खरोखर एकत्र येतात ती जागा मास्तरांनी दाखवली, आणि त्या दिवशी त्यांचा विरोध संपला. चंद्र कोणाचा, हा प्रश्न प्रत्येक मूल विचारते. १९६९ साली अमेरिकेने झेंडा रोवला म्हणून तो अमेरिकेचा, असे बहुतेकांना वाटते. १९६७ सालच्या अवकाश कराराने कोणत्याही देशाला चंद्रावर किंवा इतर खगोलीय वस्तूंवर मालकी सांगता येत नाही, आणि भारतासह शंभराहून अधिक देशांनी तो मान्य केला आहे. मात्र तेथून खणून आणलेले खनिज कोणाचे, यावर सगळ्या जगाचे एकमत अजून नाही. अमेरिकेने २०१५ साली कायदा करून आपल्या कंपन्यांना तो हक्क दिला. म्हणजे येथे मोजता येण्यासारखे काहीच नाही, सगळे माणसांनी बसून ठरवायचे आहे, आणि ते ठरेल तेव्हा आजची ही मुले मोठी झालेली असतील.

आणि अंतराळवीर सर्गेई क्रिकाल्योव! मे १९९१ मध्ये तो सोव्हिएत संघाचा नागरिक म्हणून ‘मीर’ या अवकाशस्थानकावर गेला. तो वर असतानाच डिसेंबरात सोव्हिएत संघ विसर्जित झाला. ३११ दिवसांनी, २५ मार्च १९९२ रोजी, तो उतरला ती जमीन कझाकस्तान या स्वतंत्र देशाची होती. पृथ्वीभोवतीची त्याची कक्षा गणिताप्रमाणे चालूच होती, खाली देश मात्र माणसांच्या निर्णयांनी बदलला होता. मास्तरांनी ही हकीकत सांगितली तेव्हा गल्लीतली मुले खेळ सोडून ऐकत होती, आणि पहिला प्रश्न आला तो असा: “मग त्याचा पासपोर्ट चालला का?” वकीलसाहेबांचा चेहरा त्या प्रश्नाने उजळला.

निम्मे-निम्मे रविवार हा हिशेब आम्ही आता सोडून दिला आहे. प्रत्येक रविवारी दोन्ही असेल. एक गोष्ट अजून मिटलेली नाही. मुलांनी आजच्या सरकारविषयी काही विचारले तर ‘घरी विचारा’ असे सांगावे, असा अण्णांचा आग्रह आहे. मला तो मान्य नाही. ज्या वर्गात सयाजीरावांविषयी मोकळेपणाने प्रश्न विचारता येतात, तेथे विद्यमान सत्ताधाऱ्यांविषयी गप्प बसायला शिकवले तर आपण प्रजाच घडवू. वर्ग अण्णांच्या वाड्याच्या चौकात भरणार असल्यामुळे त्यांचे ऐकावे लागेल, असे मास्तर म्हणतात. वकीलसाहेबांनी असा तोडगा सुचवला आहे की, प्रश्न कोणताही चालेल, उत्तर देणाऱ्याने मात्र आधी सांगावे की हे मोजून कळलेले आहे की आपले मत आहे. अण्णा त्यावर विचार करून रविवारच्या आत कळवणार आहेत.