मोपाचा सडा ‘रिकामा’ होता म्हणे

उत्तर गोव्यातल्या पेडणे तालुक्यातल्या मोपा विमानतळाविषयीचा एक मजकूर वेगवेगळ्या रूपांत फिरत असतो. कधी धावपट्टीच्या चकचकीत फोटोखाली, कधी भलत्याच एखाद्या प्रकल्पाच्या समर्थनात. त्याचा गोषवारा असा: मोपाचा सडा, म्हणजे जांभ्याचं पठार, नुसता ओसाड कातळ होता, तिथे धड गवतही उगवत नव्हतं. वस्ती नव्हती, म्हणून आवाजाचा त्रास व्हायचा प्रश्नच नाही. सर्वोच्च न्यायालयाने सगळं तपासून हिरवा कंदील दाखवला. तोडलेल्या झाडांच्या दसपट झाडं लावली, वर सौरऊर्जा. आणि शेवटी ते ठरलेलं वाक्य, की विरोध करणाऱ्यांनी मग विमानात बसू नये.

हे शेवटचं आधी निकालात काढू. एसटीने फिरणाऱ्याला एसटी स्टँडच्या घाणीबद्दल बोलायचा हक्क असतोच. विमानाचंही तेच.

मोपाचं उद्घाटन ११ डिसेंबर २०२२ रोजी झालं, ५ जानेवारी २०२३ पासून विमानं सुरू झाली. तो आता उखडून टाका असं कोणी म्हणत नाही, मीही नाही. गोव्याचा जुना दाबोळी विमानतळ नौदलाच्या ताब्यातला, तिथे नागरी विमानांना वेळेची बंधनं, हेही खरं. मग झाल्या गोष्टीवर वाद कशाला? तर हा मजकूर मोपापुरता राहत नाही म्हणून. गावाचं नाव बदललं की तो पुढच्या सड्याला लागू होतो. सिंधुदुर्गातला चिपी विमानतळ सड्यावरच आहे, रत्नागिरीचाही. तेरेखोलपासून राजापूरच्या पुढपर्यंत जिथे जिथे सपाट कातळ दिसतो, तिथे कुणाला ना कुणाला तो ‘रिकामा’ दिसतो.

मे महिन्यात मोपाच्या सड्यावरून कोणी गेला असता तर त्याला तो ओसाडच वाटला असता, यात शंका नाही. काळाकुट्ट जांभा, पायाला चटके, मध्येच करवंदीची जाळी. पण सड्याचं वर्ष जूनमध्ये सुरू होतं. पहिल्या पावसानंतर कातळाच्या खळग्यांत पाणी साचतं, वितभर मातीत गवत येतं, आणि ऑगस्ट-सप्टेंबरात गेंद, तेरडा, सीतेची आसवं यांनी तो भरून जातो. सीतेची आसवं ही कीटकभक्षी वनस्पती आहे. कातळावरच्या मातीत नत्र जवळजवळ नसतंच, म्हणून ती पाण्यातले बारीक जीव पकडून पोट भरते. हीच फुलं साताऱ्याजवळ कास पठारावर बघायला आपण तिकीट काढतो, ऑनलाइन नोंदणी करतो. पेडण्यात तीच ‘गवतसुद्धा नाही’ या सदरात जमा होतात. सरकारी कागदांचाही यात हात आहे. देशाच्या पडीक जमिनींच्या नकाशात ‘उजाड खडकाळ जमीन’ असा वेगळा वर्गच आहे आणि कोकणातले सडे त्यात सहज जाऊन बसतात. उताऱ्यावर पोटखराबा, म्हणजे लागवडीला निरुपयोगी, असं लिहिलं की पुढे कोणी बघायलाही जात नाही. गुरं चारणारा, अळमी (रानातली अळंबी) शोधणारा, टायकिळ्याची भाजी खुडणारा माणूस उताऱ्यावर कुठे येतो?

फुलांपेक्षाही मला पाण्याचं जास्त महत्त्वाचं वाटतं. जांभा दगड सच्छिद्र असतो, भेगा आणि पोकळ्यांनी भरलेला. सड्यावर पडलेल्या पावसातलं काही पाणी त्यातून खाली झिरपतं, आणि खालच्या चिकणमातीच्या थरापाशी अडतं. पुढे जायला वाट नाही म्हणून ते आडवं पसरतं आणि उताराच्या कडेला झरीच्या रूपाने बाहेर येतं. सड्याच्या पायथ्याची गावं उगाच तिथे वसलेली नाहीत. झरीवर कुळागर (सुपारी-नारळाची बाग), व्हाळावर म्हणजे ओढ्यावर वायंगण (उन्हाळी भात), आणि एप्रिलपर्यंत विहिरीला पाणी, असा हा हिशेब आहे. मोपाचा सडा एका बाजूला तेरेखोल नदीला पाणी देतो, दुसऱ्या बाजूला शापोऱ्याच्या खोऱ्याला.

आता या सड्यावर साडेतीन किलोमीटर लांबीची धावपट्टी आहे. रुंदी फक्त ४५ मीटर धरली आणि पाऊस वर्षाला तीन हजार मिलिमीटर धरला, तर एकट्या धावपट्टीवर वर्षाला ४७ कोटी लिटर पाणी पडतं. टॅक्सी-वे, विमानं उभी करायची फरसबंदी, टर्मिनल, पार्किंग, रस्ते हे यात धरलेलंच नाही. हे सगळं पाणी आधी मुरत होतं असा माझा दावा नाही, कातळावरून आषाढात बरंच वाहूनही जायचं. पण आता त्यातला थेंबही जागच्या जागी मुरत नाही. गटारांतून एकत्र होऊन तो ठरावीक ठिकाणी जोराने खाली येतो. साठवण तळी केली आहेत ना, असं उत्तर मिळेल. तळ्यात साठवून विमानतळानेच वापरलेलं पाणी झरीला मिळत नाही. झरी कमी झाल्या की नाही हे कळायचं तर काम सुरू व्हायच्या आधीची दर झरीची, दर महिन्याची नोंद हवी. ‘ओसाड’ म्हटल्यावर ती नोंद करायची गरजच उरत नाही, आणि नंतर नुकसान सिद्ध करायचं ओझं मात्र गावकऱ्यावर येतं.

‘झाडं नव्हतीच’ याचं उत्तर तर त्याच मजकुरात आहे. झाडं नव्हती तर दसपट कशाची लावली? तोडायच्या झाडांचा आकडा पन्नास हजारांच्या वर होता. सडा म्हणजे फक्त वरचा सपाट तुकडा नव्हे. त्याच्या कडा, घळी, उतार हे सगळं प्रकल्पाच्या दोन हजारांहून जास्त एकर जागेत आलं, आणि तिथे झाडी होती, काजूही होता. दसपट रोपांबद्दल थोडक्यात एवढंच, की रोप लावणं आणि ते दहा वर्षांनी झाड म्हणून उभं असणं यांत बरेच उन्हाळे जातात. शिवाय सड्याच्या गवताळ कातळाची भरपाई झाडं लावून होतच नाही. मोकळ्या कातळावर अंडी घालणाऱ्या टिटवीला तुम्ही अकेशियाची रांग देऊन काय उपयोग?

वस्ती नव्हती हेही खोटं. पठारावरची धनगर कुटुंबं हलवावी लागली, त्यांच्यासाठी दुसरीकडे घरं बांधावी लागली. माणसं नसती तर पुनर्वसन कुणाचं झालं? मोपा, कासारवर्णे, चांदेल, वारखंड ही गावं सड्याच्या अंगाखांद्यावर आहेत, आणि पलीकडे सावंतवाडी तालुका लागतो. विमान काही गोवा-महाराष्ट्राची हद्द बघून आवाज कमी करत नाही.

आवाजाबद्दल जरा सविस्तर बोलावं लागेल, कारण इथे ‘नियमात आहे’ या एका शब्दावर चर्चा संपवली जाते. केंद्रीय पर्यावरण मंत्रालयाने जून २०१८ मध्ये विमानतळ परिसरासाठी ध्वनीची मानकं काढली. वर्षाला पन्नास हजारांहून जास्त उड्डाणं-उतरणं होणाऱ्या विमानतळांना दिवसा ७० आणि रात्री ६५ डेसिबल, बाकीच्यांना ६५ आणि ६०. रात्र म्हणजे दहा ते सहा. शेजारी हेही ठेवा, की आपल्या साध्या ध्वनी नियमांत निवासी भागाची रात्रीची मर्यादा ४५ डेसिबल आहे. आणि जागतिक आरोग्य संघटनेच्या युरोप विभागाने २०१८ मध्ये विमानांच्या आवाजासाठी रात्रीची पातळी ४० च्या खाली ठेवायची शिफारस केली. डेसिबलचं मोजमाप सरळ चढत नाही. ४५ आणि ६० यांत पंधराचा फरक दिसतो, पण आवाजाच्या ऊर्जेत तो तीसपटीहून जास्त असतो.

खरी गोम पुढे आहे. ही मर्यादा सरासरीची आहे. समजा एखाद्या घरावरून रात्री विमान गेलं आणि अर्धा मिनिट ८० डेसिबल आवाज राहिला. झोपलेलं मूल दचकून उठायला तेवढं पुरे. पण आठ तासांत तो अर्धा मिनिट वाटून टाकला की सरासरी येते जेमतेम ५०. अशी दहा विमानं एका रात्रीत गेली तरी हिशेब ६० च्या आसपास येतो. म्हणजे रात्रीत दहा वेळा झोपमोड, आणि तरीही यंत्राचा आकडा मर्यादेला जेमतेम टेकलेला. गणित चुकीचं नाही, फक्त झोप सरासरीने येत नाही. गावातला माणूस ‘आवाज होतो’ म्हणतो आणि अधिकारी ‘मर्यादेत आहे’ म्हणतो, तेव्हा दोघंही खरं बोलत असू शकतात. म्हणून सरासरीबरोबर प्रत्येक विमानाचा कमाल आवाज आणि रात्रीच्या फेऱ्यांची संख्या गावाच्या नावानिशी जाहीर व्हायला हवी. मोपा चोवीस तास चालणारा विमानतळ आहे. दाबोळीच्या तुलनेत हाच त्याचा मोठा फायदा म्हणून सांगितला गेला, आणि रात्रीचा प्रश्न त्याच फायद्याबरोबर आला. शहरात मागचा गोंगाट आधीच असतो, त्यात विमान थोडंफार बुडून जातं. चांदेलला रात्री दोन वाजता रातकिड्यांखेरीज काही नसतं.

न्यायालयाबद्दलचं वाक्य अर्धसत्य आहे, आणि गाळलेला अर्धा भाग जास्त वाचनीय आहे. प्रकल्पाला पर्यावरण मंजुरी मिळाली ऑक्टोबर २०१५ मध्ये. ‘रेनबो वॉरियर्स’ ही गोव्यातली पर्यावरणवादी संघटना आणि इतरांनी आव्हान दिलं, हरित लवादाने काही अटी वाढवून मंजुरी कायम ठेवली. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं, आणि २९ मार्च २०१९ रोजी न्यायालयाने ती मंजुरी स्थगित केली. कारण काय? प्रकल्प मांडणाऱ्याने अर्जातच आजूबाजूची जंगलं आणि संवेदनशील क्षेत्रं यांची माहिती नीट उघड केली नव्हती. पर्यावरण मंत्रालयाच्या तज्ज्ञ समितीने शिफारस करताना कारणं नोंदवली नव्हती. लवादानेही खोलात जाऊन तपासणी केली नव्हती. न सांगितलेल्या क्षेत्रांत सिंधुदुर्गाच्या बाजूचा भागही होता, म्हणजे ज्या तालुक्यांना गोव्याचा विमानतळ आपला प्रश्न वाटत नव्हता तेसुद्धा. समितीने पुन्हा विचार करावा असा आदेश झाला. मग समितीने जादा अटी घातल्या, आणि १६ जानेवारी २०२० रोजी न्यायालयाने स्थगिती उठवली, अटींच्या पालनावर नागपूरच्या ‘नीरी’ या पर्यावरण संशोधन संस्थेने देखरेख करावी असं सांगून.

याला हिरवा कंदील म्हणायचं तर म्हणा. पण तो कंदील अटींच्या खांबावर टांगलेला आहे, आणि ज्या अटींचं श्रेय आज विमानतळाच्या जाहिराती घेतात त्यातल्या बऱ्याच अटी या ‘विकासविरोधी’ याचिकांमुळे आल्या. कार्बनचं तेच. तो कमी करण्याची हमी याच टप्प्यावर दिली गेली. विमानतळ कार्बन-न्यूट्रल आहे असं म्हणतात तेव्हा मुख्यतः टर्मिनलची वीज, जनरेटर, स्वतःची वाहनं यांचा हिशेब असतो. मोपाहून दिल्लीला जाणाऱ्या विमानाने जाळलेलं इंधन त्यात नसतं. सौरपॅनेल चांगलीच आहेत, त्यांच्याबद्दल तक्रार नाही.

राहिला जमिनीचा मुद्दा. मजकूर म्हणतो, जागा घेतली ती कुंपणाच्या आत, बाहेरच्यांचं काय गेलं? विमानतळाचं कुंपण त्याच्या परिणामांची हद्द नसते. विमानतळापासून वीस किलोमीटरपर्यंत इमारतीच्या उंचीवर ना-हरकतीचा नियम लागू शकतो, दहा किलोमीटरच्या आत उघड्यावर कचरा टाकायला आणि कत्तलीला बंदी असते, पक्षी गोळा होऊ नयेत म्हणून. हे नियम सुरक्षेसाठी आहेत आणि ते हवेतच. पण पंचायतीने कचऱ्याची सोय करायची कुठे, मासळीचा, मांसाचा धंदा करणाऱ्याने जायचं कुठे, हे विमानतळाच्या अहवालात नसतं.

त्याहून मोठा फरक जमिनीच्या भावाने पडला. महामार्गावरच्या धारगळपासून विमानतळापर्यंत सहापदरी जोडरस्ता झाला, त्यासाठी धारगळ, सुकेकुळण, वारखंड भागातल्या काजू-बागायती कापल्या गेल्या. मग आजूबाजूच्या डोंगरउतारांवर वसाहतींच्या जाहिराती लागल्या. २०२३ मध्ये पेडणे तालुक्याच्या झोनिंग आराखड्याच्या (कुठली जमीन कशासाठी वापरायची ते ठरवणाऱ्या) मसुद्याविरुद्ध लोक उठले आणि सरकारला माघार घ्यावी लागली. त्याच वर्षी नगरनियोजन कायद्यात १७(२) हे कलम आलं. प्रादेशिक आराखड्यातल्या ‘चुका दुरुस्त’ करण्याच्या नावाखाली त्यातून गोवाभर भूखंडाभूखंडाने झोन बदलू लागले. मार्च २०२५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाच्या गोवा खंडपीठाने त्यासाठीचे नियम रद्द केले. मोपा नसता तरी गोव्यात जमिनीचे व्यवहार झालेच असते. पण भातशेती, काजू आणि सडा असलेला तालुका एकदम ‘विमानतळाजवळचा’ झाला, त्याची किंमत जमिनीच्या उताऱ्यावर नाही तर एकरी भावात दिसते. नोकरी मिळालेला मुलगा त्याच गावात घर बांधू शकत नाही अशी वेळ त्यातून येते.

विमानतळांभोवती आवाजाची क्षेत्रं ठरवून ती स्थानिक आराखड्यांत उतरवायची असतात, म्हणजे जिथे रात्री ६० डेसिबल पोचणार तिथे शाळा, दवाखाना किंवा नवी वसाहत येऊ नये. पेडण्यातल्या उतारांवर आज जे भूखंड विकले जात आहेत त्यांच्या माहितीपत्रकांत ‘विमानतळ दहा मिनिटांवर’ असतं. त्या घरांत राहायला येणारी माणसं पाच वर्षांनी झोपेची तक्रार घेऊन पंचायतीत जातील, आणि तेव्हा त्यांना ऐकवलं जाईल की विमानतळ आधी होता, तुम्ही नंतर आलात. आवाजाच्या क्षेत्रांचा नकाशा पंचायतीच्या फलकावर मराठी-कोकणीत आजच लावला, तर घेणाऱ्याला निदान कळेल की आपण काय घेतोय.