मालकाचे उत्तर: 92 म्हणजे अर्धंच, मी खोटं बोललो नाही

नमस्कार भाऊ,

तुम्ही माझ्या गेमिंग कॅफेला एक स्टार देऊन लिहिलंय की दुपारी एसी चालत नव्हता, लाइट गेली तेव्हाचा वेळ पासातून कापला गेला, दीड हजारांचा महिन्याचा पास घेऊनही ओल्ड स्कूल रूनस्केप या ऑनलाइन गेममध्ये 99 ही शेवटची लेव्हल झाली नाही, आणि मालकानं जादा तास विकण्यासाठी "92 म्हणजे अजून अर्धं बाकी आहे" असं खोटं सांगून सगळ्यांसमोर तुमची टर उडवली. तुम्हाला त्रास झाला त्याबद्दल दिलगीर आहे. एसीचं म्हणणं बरोबर आहे. मे महिन्यातली सोलापूरची दुपार, वर आत एवढ्या मशिनी तापलेल्या, एकटा एसी पुरत नाही. दुसऱ्याचं बघतोय. लाइट गेली की टायमर थांबवतोच, तरी तुमचा वेळ गेला असेल तर काउंटरवर सांगा, जमा करून देतो.

पण "खोटं सांगितलं" हे काय ओ? हा रिव्ह्यू माझ्या मुलीनं मोठ्यानं वाचून दाखवला. एसीचं वाचलं तेव्हा मी मान हलवली. "खोटं" आलं तेव्हा जेवण तसंच राहिलं. म्हणून जरा सविस्तर लिहितो, लांबलं तर सांभाळून घ्या.

ओल्ड स्कूल रूनस्केपमध्ये 99 लेव्हलला 1,30,34,431 एक्सपी (खेळून मिळणारे अनुभवाचे गुण) लागतो. 92 ला लागतो 65,17,253. कॅल्क्युलेटर सगळ्यांच्या मोबाईलमध्ये असतो, करून बघा. उलट 92 लागली त्या क्षणी अर्ध्याच्या जरासं पुढंच गेलेलं असता. हे मी ठरवलेलं नाही. त्या गेममध्ये प्रत्येक लेव्हलला आधीच्यापेक्षा साधारण दहा टक्के जास्त मेहनत लागते, आणि सात लेव्हल चढल्या की आकडा दुप्पट होतो. म्हणून 85 ला 32,58,594, म्हणजे पाव. 92 ला निम्मं. 99 ला पूर्ण. जगभरात हा गेम खेळणाऱ्यांत ही गोष्ट इतकी जुनी आहे की त्यावर चेष्टा चालते. मला वाटलं तुम्हालाही माहीत असेल.

माहीत नव्हतं हे तुमच्या चेहऱ्यावर दिसलं, आणि ते मी समजू शकतो. स्किलवर, म्हणजे गेममधल्या लाकूडतोडीसारख्या कौशल्यावर, माउस नेला की तुमचा एक्सपी दिसतो, पुढच्या एका लेव्हलला किती हवा तेही दिसतं. 99 ला किती राहिलं ते तिथं येत नाही. साहजिक आहे, माणूस 92 बघतो, 99 बघतो आणि म्हणतो सातच राहिल्या की. सुरुवातीच्या सात लेव्हल तुम्ही एका बैठकीत केल्या होत्या. त्याच अंदाजानं तुम्ही महिन्याचा पास घेतलात. तो घेताना मला विचारलं असतंत तर तेव्हाच सांगितलं असतं. बोर्डावर एवढंच आहे: 60 तास, 30 दिवस. लेव्हलचं नाव कुठं नाही. तासाला 40,000 एक्सपी असा चांगला वेग धरला तरी 92 पासून 99 ला 160 तासांच्या वर लागतात. 60 तासांच्या पासात ते मी कुठून बसवू?

आता टर उडवल्याचं, म्हणजे त्या दिवशीच्या कॅल्क्युलेटरच्या हिशेबाचं. तुम्ही वुडकटिंग, म्हणजे गेममधली लाकूडतोड, करत होता, यू नावाच्या झाडावर. एका यू लॉगचे, म्हणजे ओंडक्याचे, 175 एक्सपी. मी बाकीच्या एक्सपीला 175 नं भागलं आणि 37,242 लॉग राहिलेत असं म्हणालो. पिशवीत जागा 28, म्हणजे बँकेपर्यंत तेराशेवर खेपा. तेव्हा मागं व्हॅलोरंट खेळणारा ग्रुप हसला. मी हसलो नाही. कॅमेऱ्याचं रेकॉर्डिंग असतं तर दाखवलं असतं, पण ते आठवड्यानं आपोआप पुसलं जातं. विलोचं झाड कापा, एका लॉगला 67.5 च मिळतात पण झाड भराभर लॉग देतं, एक्सपी लवकर वाढतो, असंही मी सांगितलं होतं. तुम्ही म्हणालात, नको, यूचे गेममध्ये पैसे येतात. बरोबर आहे, येतात. पण मग वेळ लागणारच की.

आकडा सांगणं म्हणजे टर उडवणं, हे मला खरंच कळलं नाही. माझी आई पूर्व भागात विड्या वळायची. मजुरी हजारावर. किती झाल्या, किती राहिल्या हे आमच्या घरी रोज मोठ्यानं बोललं जायचं, त्यात कुणाचा अपमान नव्हता. राहिलेला आकडा कळला तर माणूस आज किती करायचं ते ठरवतो, एवढाच माझा हेतू.

आणि "तास विकण्यासाठी"? भाऊ, त्याच दिवशी मी तुम्हाला काय म्हणालो आठवा. हा गेम ऑक्टोबर 2018 पासून मोबाईलवर आहे, खातं तेच चालतं, झाडं तोडायचं काम घरी कॉटवर पडून फोनवर करा, इथं येऊन पैसे कशाला घालवता, असं म्हणालो. शेजारच्या खुर्चीवर तुमचा मित्र होता, त्याला विचारा. ज्याला तास विकायचे आहेत तो असं बोलेल का? आधीच फोनमुळं निम्मी पोरं यायची बंद झालीत. पूर्वी विजापूर रस्त्यावर कॉलेज सुटलं की माझ्याकडं उभं राहायला जागा नसायची. आता बीजीएमआय खेळायला कॅफे लागत नाही. जागेचं भाडं आणि लाइटबिल मात्र तिथंच आहे. नवीन गिऱ्हाईक आधी हे स्टार बघतं, मग पायरी चढतं.

लिहिणार नव्हतो, पण तुम्ही सगळं लिहिलंत म्हणून. पासातले बरेच तास तुमच्या स्क्रीनवर अर्ध्या भागात आयपीएल चालू होतं. तुमचे तास, तुमची मर्जी, मी कधी टोकलं नाही. तुम्ही ऑटोक्लिकर (आपोआप माउस क्लिक करणारं सॉफ्टवेअर) टाकून द्या म्हणालात तेव्हा मात्र नाही म्हटलं. ते त्या गेमच्या नियमात बसत नाही, खातं बॅन झालं तर 92 सकट सगळं गेलं असतं, आणि मग रिव्ह्यूत तेही माझ्याच नावावर आलं असतं. त्या दिवसापासून तुम्ही माझ्याशी धड बोलला नाहीत.

गेम एवढा हळू का, हा राग असेल तर तो माझ्यावर काढून उपयोग नाही. कंपनीनंही हा हळूपणा एकट्यानं लादलेला नाही. 2013 साली खेळाडूंनी मत देऊन 2007 सालचं जुनं रूप परत मागितलं, तोच हा गेम. हळू आहे म्हणूनच 99 ला मान आहे, असं जुने खेळणारे सांगतात. मला विचाराल तर त्यातलं निम्मं खरं आहे, निम्मी सवय. सगळ्याच कंपन्यांना हे जमत नाही. 2017 साली स्टार वॉर्सच्या बॅटलफ्रंट 2 या गेममध्ये डार्थ व्हेडर हे पात्र मिळवायला गेममधले 60,000 क्रेडिट ठेवले होते. लोक चिडले, तर कंपनीनं उत्तर दिलं की कमावल्याचा अभिमान वाटावा म्हणून तसं केलंय. त्या उत्तरावर लोक आणखी भडकले, आणि आकडा 15,000 वर आणावा लागला. (माझ्या या उत्तराचं तसं होऊ नये म्हणजे मिळवली.) वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट या गेमची गंमत वेगळी. चाचणीच्या काळात बराच वेळ सलग खेळलं की एक्सपी निम्मा व्हायचा. लोकांना ती शिक्षा वाटली. मग त्यांनी आधीचा पूर्ण एक्सपी "विश्रांतीचा दुप्पट" आणि निम्मा झालेला "नेहमीचा" म्हणून दाखवला. हिशेब तोच राहिला, आणि लोक खूश झाले. मला असं गोड मांडायला येत नाही. मी दुकानदार आहे, आकडा आहे तसा सांगतो.

अजून एक गोष्ट त्या दिवशी सांगायची राहिली. 99 लेव्हल झाली की मानाचा म्हणून घेता येणारा झगा गेममधल्या 99,000 नाण्यांना मिळतो, पण पैसे भरून घ्यायच्या मेंबरशिपशिवाय तो अंगावर घालता येत नाही. तुमचं खातं फ्री आहे. हे आत्ताच सांगून ठेवतो, नाहीतर त्यासाठी वेगळा रिव्ह्यू येईल.

पासाबद्दल काय करता येईल ते बघतोय. 30 दिवसांत तास संपले नाहीत तर काहीतरी सवलत ठेवायचा विचार आहे, नक्की ठरलं की बोर्डावर लावतो. पास घेताना कुठला गेम खेळणार हेही पोऱ्याला विचारायला सांगितलंय. तुमचे जे तास उरलेत ते जूनअखेरपर्यंत चालतील, वेगळे पैसे नाहीत. एसीजवळची सीट हवी असेल तर सकाळी अकराच्या आत या, आणि शनिवारी रात्री येणार असाल तर आधी फोन करा, त्या दिवशी नाइट पॅकेजवाली पोरं असतात.

स्टारचं तुम्ही बघा. "खोटं" एवढं तेवढं काढलंत तर बरं होईल.