पाय आणा, मग बघू

काल संध्याकाळी खेळण्यांच्या एका दुकानात, चार गिऱ्हाइकांच्या आणि फिदीफिदी हसणाऱ्या एका शाळकरी मुलाच्या देखत, "आधी हिचे पाय आणा, मग बघू" हे वाक्य मला मुकाट्याने ऐकून घ्यावे लागले. माझ्या हातात वीतभर उंचीची एक बाहुली होती. तिच्या अंगावर हिरव्या ब्लाउजपीसची नऊवारी होती आणि घोट्यांच्या खाली तिला काहीही नव्हते.

ही बाहुली मी रविवारी भाचीला पाचव्या वाढदिवसानिमित्त दिली होती. जात ब्रॅट्झ, मुक्काम अमेरिका, जन्म २००१. क्लोई, जेड, साशा आणि यास्मिन अशा या चार मैत्रिणी. त्यांतली यास्मिन मी निवडली, कारण तिचे नाव मला वाचता आले. डोके मोठे, डोळे त्याहून मोठे, पापण्यांवर रंगाचे थर, ओठ फुगलेले आणि नाक केवळ रिवाज म्हणून ठेवलेले. खरे सांगायचे तर किंमत वाचल्यानंतर चेहरा निरखण्याची शक्ती माझ्यात उरली नव्हती.

ते काम मेहुण्यांच्या आत्याबाईंनी केले. सोसायटीच्या हॉलमध्ये पहिल्या रांगेतल्या खुर्चीवर बसून त्या आल्यागेल्या भेटवस्तूंची तपासणी करत होत्या. त्यांनी यास्मिनला खोक्यातून बाहेर काढवले, चष्मा वर सरकवला आणि मला जवळ बोलावले.

"अहो मामा, हिला मधमाशी चावली आहे का?"

"नाही आत्या, ओठांची ठेवणच तशी आहे."

"आणि डोळे असे अर्धवट मिटलेले? बरं नाही का हिला?"

"ती फॅशन असते."

"कितवीत आहे ही?"

या प्रश्नाची माझी तयारी नव्हती. या मुली शाळेतल्या वरच्या वर्गातल्या आहेत, असे मी चाचरत सांगितले. "अशी जाते शाळेत? हिची आई काय करते?" असे आत्याबाईंनी विचारले तेव्हा आजूबाजूच्या सात-आठ बायकांनी माझ्याकडे अशा नजरेने पाहिले, की जणू यास्मिनच्या आईला मीच नादी लावले होते. आत्याबाईंनी मग कागदी रुमाल पाण्यात बुडवून बाहुलीचे ओठ पुसायला घेतले. पाच मिनिटे त्या पुसत होत्या. "निघत नाही हो," असे त्यांनी शेवटी हॉलला जाहीर केले.

याच सुमारास भाचीने, घरात आलेल्या कोणत्याही पाहुणीच्या बाबतीत जे व्हायला हवे तेच करावे म्हणून, बाहुलीचा बूट ओढला. ब्रॅट्झ बाहुल्यांचे पाय बुटातच घडवलेले असतात. बूट बदलायचा म्हणजे घोट्यापासून पाऊलच उपटायचे आणि दुसरे बसवायचे. ही रचना मला ठाऊक नव्हती, आत्याबाईंना तर नव्हतीच. "अगं बाई, वाढदिवसाच्या दिवशी पाय तुटला!" ही किंकाळी नेमकी दोन गाण्यांच्या मधल्या शांततेत उमटली आणि केटरिंगवाल्यापर्यंत पोहोचली. भाचीने शांतपणे दुसराही पाय काढला. आत्याबाईंनी पर्समधून कुठल्याशा हळदीकुंकवात मिळालेले ब्लाउजपीस काढले, बाहुलीला काष्टा घातला, तिला माझ्या हाती दिले आणि निकाल ऐकवला: "बदलून आणा. बार्बी आणायची होती, ती कशी साधी असते."

साधी! १९५९ साली जन्मलेली बार्बी ज्या जर्मन बाहुलीवरून घडवली गेली, ती लिली एका वृत्तपत्रातल्या चावट व्यंगचित्रमालिकेतली होती आणि तिची विक्री मुख्यतः प्रौढ पुरुषांना होत असे, हे मी आत्याबाईंना सांगणार होतो. पण ही माहिती मला कशी, या पुढच्या प्रश्नाचे उत्तर हॉलमध्ये देण्यासारखे नव्हते.

त्या रात्री मी हट्टाने वाचत बसलो. अमेरिकेतल्या मानसशास्त्रज्ञांच्या राष्ट्रीय संघटनेने लहान मुलींच्या लैंगिकीकरणावर २००७ साली एक अहवाल काढला होता. तो आपल्या बाजूने असेल अशी माझी भाबडी समजूत होती. त्या अहवालात ब्रॅट्झ बाहुल्यांचे नाव घेऊन, त्यांचे तोकडे स्कर्ट आणि जाळीदार मोजे यांच्यासह, काळजी व्यक्त केलेली आहे. म्हणजे त्या विद्वानांनी आत्याबाईंचेच म्हणणे मांडले होते, फक्त मधमाशीचा उल्लेख टाळून. पाच वर्षांच्या मुलीने सुंदर दिसणे म्हणजे असे ओठ आणि असे डोळे, असे बाहुलीकडून शिकू नये, हे मलाही पटते आणि पटते म्हणूनच राग अधिक येतो.

कारण ज्या हॉलमध्ये माझी अब्रू गेली, त्याच हॉलमध्ये पाच-सहा वर्षांच्या मुली लिपस्टिक लावून, पोट उघडे टाकणारे घागरे घालून, कंबर हलवायला लावणाऱ्या गाण्यांवर नाचत होत्या आणि आया मोबाइल उंच धरून "अजून एकदा" म्हणत होत्या. आत्याबाईंनी स्वतः दिलेल्या भेटीत नेलपॉलिशच्या सहा बाटल्या होत्या. त्या कोणी पुसून पाहिल्या नाहीत. २०२१ पासून आपल्याकडे विकल्या जाणाऱ्या खेळण्यांवर आयएसआयचे चिन्ह सक्तीचे आहे. रंगात शिसे किती, कडा बोचतात का, सुटा भाग घशात अडकेल का, हे तपासले जाते. ओठांचा रंग विषारी नाही एवढी हमी त्यातून मिळते. ओठ कोणासाठी रंगवले आहेत, हे तपासण्याचे यंत्र नाही. ते काम घरच्यांचे आणि घरचे त्या वेळी व्हिडिओ काढण्यात गुंतलेले. सापडला तो मामा.

असो. दुकानदाराने नऊवारीबद्दल चकार शब्द काढला नाही, खोके फाटले आहे याकडेही दुर्लक्ष केले. त्याचा मुद्दा एकच होता. मी दुकानाच्या पायरीवरूनच बहिणीला फोन केला. तिने सोफ्याखाली पाहिले, खेळण्यांच्या टोपलीत पाहिले, कचऱ्याच्या डब्यातही पाहिले आणि शेवटी भाचीलाच विचारले. पाय दाराबाहेरच्या चपलांच्या मांडणीत, भाचीच्या सँडलच्या शेजारी, टाचा भिंतीला लावून नीट जोडून ठेवलेले होते.