मिक्सर चालू ठेवून

सांगलीला, विश्रामबागेत, माझ्या दादा-वहिनींचा दोन खोल्या आणि स्वयंपाकघराचा फ्लॅट आहे. तिथं गेले पाच महिने चटण्यांचा नुसता सुकाळ आहे. खोबऱ्याची, शेंगदाण्याची, कारळ्याची, जवसाची. खाणारी माणसं चार, त्यातला एक धड जेवत नाही. एवढ्या चटण्या कशाला करता, म्हणून मी फोनवर विचारलं, तर वहिनी म्हणाल्या, "तुझ्या दादाशी बोलायचं असलं की मिक्सर लावते. बाहेर ऐकू जात नाही."

बाहेर म्हणजे हॉलमध्ये. तिथं दिवाणावर आमचा मावसभाऊ झोपतो. तासगावकडं त्याची द्राक्षबाग होती. लागोपाठ दोन हंगाम अवकाळीनं घड कुजवले, सोसायटीचं कर्ज थकलं, बायको मुलाला घेऊन माहेरी गेली. दारू आधी होतीच, ती वाढली. बाग गेली म्हणून दारू लागली की दारूपायी बाग गेली, हे आमच्यात ज्यानं त्यानं आपापल्या सोयीनं ठरवलंय. फेब्रुवारीत तो "चार दिवस राहतो" म्हणून आला.

तो आरडाओरडा करत नाही, हात उगारत नाही. शुद्धीत असला की भाचीला गणितं समजावून सांगतो. तक्रार सांगायची तरी कशी, अशीच सगळी अडचण. वहिनी पहाटे साडेपाचला गाऊनमध्ये स्वयंपाकघरापर्यंत जाऊ शकत नाहीत. बाथरूम एक. दहावीतली पोर हॉलमधून अभ्यासाचं टेबल उचलून आईबाबांच्या खोलीत घेऊन गेली. दादा त्याला गुपचूप दोनशे रुपये देतो, वहिनींना ते संध्याकाळी वासावरून कळतं, आणि मग मिक्सर.

"तुमच्या तिकडं सख्ख्या भावालासुद्धा दारात उभं ठेवतात. आपल्यात माणूस टाकत नाहीत," असं काका मला, इंग्लंडातल्या पुतणीला, फोनवर ऐकवतात. (काका कोथरूडला असतात. त्यांच्याकडं पाहुण्यांची वेगळी खोली आहे, बहुतेक वेळा बंद.) आपल्यात माणूस टाकत नाहीत हे खरं. टाकलेली बाई मात्र आमच्या लहानपणी प्रत्येक गल्लीत एखादी तरी होती.

मी काकांना हसावं असं नाही. "समजून घ्या हो वहिनी, आपलंच माणूस आहे," हे वाक्य माझंही होतं. वर मी महिन्याला दहा हजार पाठवायला लागले. तिसऱ्या महिन्यात वहिनींनी पैसे परत केले. "पैसे नकोत. पंधरा दिवस तुझ्याकडं ने त्याला." व्हिसाचं कारण माझ्या ओठांवर होतं. खरं कारण व्हिसा नव्हता.

मी चौदा वर्षं इंग्लंडात राहते, रेडिंगला. आमच्या शेजारणीचा भाऊ असाच आला होता. नवराबायकोनं आधीच दोन आठवडे म्हणून सांगितलं होतं आणि पंधराव्या दिवशी त्याची बॅग खरोखर दाराशी ठेवली. मला ते फार क्रूर वाटलं. नंतर तो कित्येक महिने या मित्राच्या सोफ्यावरून त्या मित्राच्या सोफ्यावर फिरत राहिला. म्हणजे तिकडचं सगळं छान, असं मी म्हणणार नाही. तिथं कायदे आहेत. कुणाचं छप्पर ५६ दिवसांत जाणार असेल तर नगरपालिकेनं मदतीला उभं राहायचं, असा २०१७ चा कायदा आहे. घरच्या आजारी माणसाची काळजी घेणाऱ्यालाही, तुला काय हवं, हे विचारून घेण्याचा हक्क २०१४ च्या कायद्यात आहे. प्रत्यक्षात रांगा लांब, आणि हातात पत्रकं. पण शेजारीण दर मंगळवारी चर्चच्या हॉलमध्ये दारुड्यांच्या घरच्यांच्या बैठकीला जायची, एकदा मीही सोबत गेले. तिथं बायका, बाप, बहिणी मोठ्यानं बोलत होत्या. कुणाला मिक्सर लावावा लागत नव्हता.

अशा बैठका आपल्याकडं नाहीत असंही नाही. पुण्यात मुक्तांगण हे व्यसनमुक्ती केंद्र १९८६ पासून आहे, साताऱ्यात तसंच परिवर्तन आहे. मुक्तांगणनं व्यसनी माणसांच्या बायकांसाठी 'सहचरी' नावाचा गट केला, याचं मला फार कौतुक आहे. पण माझी वहिनी कोण? ती त्याची बायको नाही, आई नाही, बहीण नाही. नवऱ्याच्या मावसभावाची वहिनी. पाच महिने त्याचे कपडे तिनं धुतले, आणि त्याच्याविषयी ठरवताना तिला कुणी विचारलं नाही, मीसुद्धा नाही.

काकांना आठवतो तो गावभागातला वाडा. तिथं माडीवर एक चुलत आजोबा आयुष्यभर राहिले, कुणाला अडचण झाली नाही, असं ते सांगतात. वाड्याला सोपा होता, माडी होती, परसात मोरी होती. नको असलेलं माणूस दिवसभर नजरेआड राहू शकत होतं. त्यांचं ताट माडीवर कोण नेत होतं, हे विचारल्यावर काका म्हणाले, "आई न्यायची." आजीला अडचण होती का, हे आता विचारायची सोय नाही.

पावसाळा लागला की सांगलीचा माणूस कृष्णामाई चांगली की वाईट यावर वाद घालत बसत नाही. आयर्विन पुलाजवळ पाणी किती फुटांवर आहे ते विचारतो. ४० ला इशारा, ४५ ला धोका. २०१९ च्या ऑगस्टमध्ये ते ५७ च्या वर गेलं, तेव्हा "२००५ ला आमच्या दारात आलं नव्हतं" म्हणून बसून राहिलेल्यांना नावेतून काढावं लागलं. पाहुण्याच्या बाबतीत आमच्या घराला असली खूणच नव्हती. मी आता वहिनींच्या बाजूची आहे, ती एवढ्यासाठीच. त्याला टाका असं त्याही म्हणत नाहीत. फक्त आकडा कुठला, हे रोज ते घर झाडणाऱ्या बाईला विचारून ठरवा. व्यसनी माणसाला जबरदस्तीनं केंद्रात उचलून नेणाऱ्या गाडीला मात्र माझा ठाम विरोध आहे. दादानं कुणाकडून तरी तसला नंबर मिळवला होता. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्यात दारूचं व्यसनही आजारातच धरलंय, आणि आजारी माणसाला पोत्यासारखं नेत नाहीत.

गेल्या आठवड्यात वहिनींनी पहिल्यांदा मिक्सर न लावता बोलायचं ठरवलं. हॉलमध्येच, त्याच्यासमोर. आधी दादानं १४४१६ ला, सरकारच्या टेलिमानस या मानसिक आरोग्याच्या हेल्पलाइनला, फोन करून कसं बोलायचं ते विचारून घेतलं होतं. कालनिर्णयवर ३० तारखेला गोल केलाय. तोवर त्यानं साताऱ्याला जाऊन भरती व्हायचं, दादा सोबत जाणार. नाही गेला तर मिरजेत भाड्याची खोली, दोन महिन्यांचं भाडं माझं, दिवाण रिकामा. तो बराच वेळ गप्प बसला आणि मग म्हणाला, "वैनी, आधीच सांगायचं की."

काकांना हे सगळं कळवायचं काम माझ्याकडं आलंय. अजून फोन केलेला नाही.